यादीच्या शेवटचा स्वल्पविराम: कोडच्या मांडणीचा सात दशकांचा इतिहास

१/
संगणकाच्या कोडमधील एखादी लांब यादी पाहिली, तर तिच्या शेवटच्या नावानंतर पुष्कळदा एक स्वल्पविराम आढळतो. त्याच्यापुढे काहीच नसते; थेट कंस मिटतो. मराठीच्या वहीत असा स्वल्पविराम दिला असता, तर शिक्षकांनी तो लाल शाईने खोडला असता. कोडमध्ये मात्र तो हेतुपुरस्सर घातला जातो. काही भाषांत तो सक्तीचा आहे, तर काही ठिकाणी तो दिसताच यंत्र काम नाकारते. या एवढ्याशा चिन्हाचा माग काढत गेले, की पंच कार्डांपासून आजच्या काळापर्यंतचा जवळजवळ सात दशकांचा इतिहास उलगडतो. त्याच्या मुळाशी इतिहासाच्या विद्यार्थ्याचा जुनाच प्रश्न आहे: ही ओळ नेमकी कोणी लिहिली?
#थ्रेड #इतिहास

२/
आधी एक उदाहरण. पायथॉन या भाषेच्या २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून तिच्यात देवनागरी नावे चालतात. त्यामुळे पुढील ओळ हा खराखुरा, चालणारा कोड आहे:

किल्ले = ["राजगड", "तोरणा", "सिंहगड"]

हीच यादी अशीही लिहिता येते:

किल्ले = [
    "राजगड",
    "तोरणा",
    "सिंहगड",
]

संगणकाच्या लेखी या दोन्ही याद्या तंतोतंत एकच आहेत. दोहोंत तीन किल्ले आहेत. मग दुसऱ्या मांडणीतील नव्या ओळी, डावीकडची मोकळी जागा आणि शेवटचा स्वल्पविराम हे सारे कोणासाठी?

३/
मोडी दफ्तरे पाहिलेल्यांना याचे अर्धे उत्तर ठाऊक असते. मोडी लिहिणारा कारकून आधी पानाच्या रुंदीभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिला अक्षरे टांगत जाई. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती. शब्द कोठे संपतो, हे सरावलेला वाचक संदर्भावरून ताडत असे. कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर अशाच सरावलेल्या वाचकासारखा असतो. त्याला कंस आणि स्वल्पविराम पुरतात. मोकळी जागा आणि नवी ओळ ही माणसाची गरज आहे. पण ही गरज ओळखली जाण्यापूर्वी मांडणी यंत्राच्याच सोयीने ठरत होती.

४/
१९२८ साली आयबीएमने ८० स्तंभांचे, आयताकृती छिद्रांचे कार्ड आणले. प्रत्येक स्तंभात एक अक्षर, म्हणजे एका कार्डावर फार तर ८० अक्षरे. १९५७ साली जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखालील गटाने आयबीएम ७०४ या संगणकासाठी फोर्ट्रान ही भाषा सिद्ध केली, तेव्हा प्रोग्रॅम याच कार्डांवर लिहिले जात. एक कार्ड म्हणजे प्रोग्रॅमची एक ओळ. त्या यंत्राचा कार्डवाचक ७२ स्तंभच वाचत असे. म्हणून फोर्ट्रानचे विधान ७व्या स्तंभात सुरू होई आणि ७२व्या स्तंभात संपे. पहिले पाच स्तंभ विधानाच्या क्रमांकासाठी राखलेले होते. विधान एका कार्डात मावले नाही, तर पुढच्या कार्डाच्या सहाव्या स्तंभात एक खूण करायची. ती खूण म्हणजे 'मागील ओळीवरून पुढे चालू'.

५/
उरलेल्या ७३ ते ८० या स्तंभांत कार्डाचा अनुक्रमांक पाडला जाई. कंपायलर तिकडे पाहतही नसे. पण शेकडो कार्डांचा गठ्ठा हातातून निसटून जमिनीवर विखुरला, तर त्याच आकड्यांच्या आधारे वर्गीकरण यंत्रातून तो पुन्हा क्रमाने लावता येत असे. प्रोग्रॅममध्ये सुधारणा करायची म्हणजे जुने कार्ड काढायचे आणि नवे कार्ड त्याच्या जागी खोवायचे. एका कार्डावरील एकच अक्षर चुकले, तरी सबंध कार्ड नव्याने पाडावे लागे. ओळ हे बदलाचे सर्वांत लहान एकक झाले ते येथे, अगदी हाताने. कार्डे पुढे कालबाह्य झाली. हे एकक मात्र टिकले. पुढचा सारा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

६/
१९६० साली पॅरिसमध्ये १३ तज्ज्ञांच्या बैठकीत अल्गोल ६० ही भाषा ठरली. पीटर नॉर यांनी संपादित केलेल्या तिच्या अहवालात एक साधे वाटणारे कलम आहे: मोकळी जागा आणि नवी ओळ यांना भाषेच्या दृष्टीने काही अर्थ नाही, वाचनाच्या सोयीसाठी त्यांचा हवा तसा वापर करावा. या कलमाने कोडची मांडणी कार्डाच्या स्तंभांतून सुटली. अर्थ यंत्रासाठी आणि रूप माणसासाठी, अशी वाटणी झाली. मात्र स्वातंत्र्याबरोबर वादही आले. रूप जर मोकळे आहे, तर ते कसे असावे, हे ठरवणार कोण?

७/
हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने जाणवला तो लिस्प या भाषेत. जॉन मॅकार्थी यांनी १९५८पासून एमआयटीमध्ये ती घडवली. तिच्यात सारे काही यादीच: माहिती ही यादी, प्रोग्रॅमही यादी, आणि यादीच्या पोटात आणखी याद्या. एका ओळीत सलग छापलेली अशी यादी म्हणजे गोल कंसांचे रान. कोणता कंस कोणाचा, हे बोटाने मोजावे लागे. म्हणून यादीची मांडणी यंत्राकडूनच करून घेण्याची कल्पना लिस्पच्या परिसरात लवकर रुजली. तिला 'प्रिटी प्रिंटिंग' असे नाव पडले. आयरा गोल्डस्टीन यांनी १९७३ साली एमआयटीच्या एका टिपणात तिची शास्त्रशुद्ध चर्चा केली.

८/
१९८० साली डेरेक ओपन यांनी या कामासाठी एक कार्यक्षम पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यातील एक भेद यादीसाठी फार मोलाचा आहे. यादी एका ओळीत मावत नसेल, तर ती तोडण्याचे दोन मार्ग असतात. पहिला: जितके मावेल तितके एका ओळीत भरायचे आणि उरलेले खाली घ्यायचे, परिच्छेद लिहावा तसे. दुसरा: एकदा तोडायचे ठरले, की प्रत्येक घटक स्वतंत्र ओळीवर ठेवायचा. पहिल्यात कागद वाचतो. दुसऱ्यात घटक डोळ्यांना सुटे दिसतात. त्या काळी हा प्रश्न केवळ वाचनीयतेचा मानला जात होता. दुसऱ्या मार्गाचे खरे महत्त्व पुढे ध्यानात येणार होते.

९/
दरम्यान एक उलटा विचारही पुढे आला होता. १९६६ साली ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिन यांनी एका प्रसिद्ध निबंधात सुचवले, की मोकळ्या जागेलाच अर्थ द्यावा. आत सरकवलेली ओळ वरच्या ओळीच्या अधीन. डावीकडे परत आलेली ओळ नव्या विधानाची सुरुवात. या नियमाला त्यांनी फुटबॉलमधून नाव घेतले: 'ऑफसाइड'. १९७४ साली डोनाल्ड कनूथ यांनीही अंदाज वर्तवला, की प्रोग्रॅमचे भाग पुरेसे लहान झाले, तर कंसांचे काम पुढे इंडेंटेशन, म्हणजे ओळ आत सरकवण्याची रीत, करू शकेल.

१०/
लँडिन यांच्या विचाराला सर्वाधिक अनुयायी मिळाले ते पायथॉनमुळे. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत एबीसी नावाची एक शिकाऊंसाठीची भाषा तयार झाली होती. तिच्यात इंडेंटेशन अर्थपूर्ण होते. त्या प्रकल्पात काम केलेल्या गुइडो व्हान रॉसम यांनी १९८९च्या डिसेंबरात पायथॉनचे काम सुरू केले आणि १९९१ साली ती प्रसिद्ध केली. तिच्यात इंडेंटेशन हा कायदा आहे. पण या कायद्याला एक सवलत आहे: कंस उघडला, की तो मिटेपर्यंत कायदा स्थगित. यादीच्या आतील ओळी कशाही सरकवा, भाषेची हरकत नसते. म्हणजे मांडणीची सक्ती करणाऱ्या भाषेतही यादीची मांडणी माणसाच्या मर्जीवरच राहिली.

११/
आता सी या भाषेकडे वळू. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ती घडवली. १९७८ साली ब्रायन कर्निघन आणि रिची यांचे पुस्तक निघाले आणि त्यातील मांडणी अनेकांना प्रमाण वाटली. महिरपी कंस त्याच ओळीत उघडावा की पुढच्या, यावर पुढे अनेक पंथ झाले. पण त्या गदारोळात एक बारकावा दुर्लक्षित राहतो. त्या पुस्तकात दिलेल्या व्याकरणात आरंभीच्या किमतींच्या यादीनंतर शेवटी एक जास्तीचा स्वल्पविराम चालत असे. त्याचा उपयोग उघड आहे. कोडमधील लांब कोष्टके पुष्कळदा दुसरा प्रोग्रॅम लिहितो. प्रत्येक घटकामागे स्वल्पविराम चालत असेल, तर 'हा शेवटचा घटक का' अशी वेगळी तपासणी करावी लागत नाही. १९९९च्या सी मानकाने हीच मुभा नावांच्या गणनेलाही दिली.

१२/
त्याच बेल लॅब्जमध्ये आणखी एक गोष्ट घडत होती आणि तिने या स्वल्पविरामाला वेगळेच महत्त्व आणले. १९७२ साली मार्क रॉचकिंड यांनी एससीसीएस ही व्यवस्था रचली. कोडची कोणती ओळ कोणत्या आवृत्तीत आली आणि कोणत्या आवृत्तीत गेली, याची ती नोंद ठेवी. १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर डग्लस मॅकिलरॉय यांचा 'डिफ' हा प्रोग्रॅम आला. दोन फायली दिल्या, की त्यांतील कोणत्या ओळी वेगळ्या आहेत, हे तो सांगे. त्यामागील पद्धत मॅकिलरॉय यांनी जेम्स हंट यांच्यासह १९७६ साली अहवालरूपाने मांडली. दोन्ही साधनांनी ओळ हेच एकक धरले होते. कार्डे मागे पडत होती, पण बदल मोजण्याची पट्टी कार्डाएवढीच राहिली.

१३/
या पट्टीवर पुढे फार मोठी इमारत उभी राहिली. १९८५ साली लॅरी वॉल यांनी 'पॅच' लिहिला. त्यामुळे केवळ बदललेल्या ओळी दूरच्या माणसाला पाठवून त्याच्या प्रतीत तोच बदल करता येऊ लागला. जगभर विखुरलेल्या लोकांनी मिळून एकच कोड लिहिणे अशा साधनांमुळे सुकर झाले. २००५च्या एप्रिलमध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट सुरू केले. गिट प्रत्येक वेळी फायलीची संपूर्ण स्थिती जतन करते. पण दोन स्थितींतील फरक दाखवायची वेळ आली, की ते ओळींच्याच भाषेत बोलते.

१४/
गिटमध्ये 'ब्लेम' नावाची एक आज्ञा आहे. शब्दाचा अर्थ दोषारोप. काम मात्र दफ्तरदाराचे. ती फायलीतील प्रत्येक ओळीसमोर तीन गोष्टी मांडते: ही ओळ आजच्या रूपात कोणी आणली, केव्हा आणली आणि कोणत्या बदलाच्या ओघात आणली. त्या बदलासोबतचे टिपण वाचले, की कारणही कळते. वीस वर्षांपूर्वीचा विचित्र दिसणारा आकडा तेथे का आहे, हे समजून घेण्याचा बहुधा हा एकच मार्ग उरलेला असतो. लिहिणारा केव्हाच निघून गेलेला असतो. साधनग्रंथातील तळटीप जे काम करते, तेच हे.

१५/
आता आपल्या यादीकडे परत येऊ. समजा, ती शेवटच्या स्वल्पविरामाविना लिहिली आहे आणि कोणी तिच्यात रायगड घातला. डिफ असे दाखवील:

-    "सिंहगड"
+    "सिंहगड",
+    "रायगड"

वजा म्हणजे गेलेली ओळ, अधिक म्हणजे आलेली. किल्ला एकच वाढला. ओळी मात्र दोन बदलल्या. कारण सिंहगडापुढे स्वल्पविराम देणे भाग पडले. स्वल्पविराम आधीच असता, तर फरक एवढाच दिसला असता:

+    "रायगड",

१६/
प्रश्न केवळ एका जास्तीच्या ओळीचा नाही. पहिल्या प्रकारात 'सिंहगड' ही ओळ मुळात कोणी आणि का लिहिली, ती नोंद झाकली गेली. ब्लेम आता तिथे रायगड घालणाऱ्याचे नाव दाखवते. त्याचा सिंहगडाशी काडीचाही संबंध नव्हता. मूळ नोंद नष्ट झालेली नसते. एक पायरी मागे जाऊन ती शोधता येते. पण शोधणाऱ्याला आधी शंका यायला हवी. नक्कल करताना कारकुनाने एका शब्दाची दुरुस्ती करावी आणि पुढील पिढ्यांनी तो कागदच त्याचा मानावा, असा हा प्रकार आहे. गिटला केवळ मोकळ्या जागेतील बदल दुर्लक्षायला सांगता येतात. स्वल्पविराम मात्र मोकळी जागा नव्हे.

१७/
मांडणीतील सौंदर्यही असाच घोटाळा करते. किल्ला आणि त्याचा जिल्हा अशी जोडयादी घ्या. रायगड–रायगड, तोरणा–पुणे, प्रतापगड–सातारा. अनेकांना जिल्ह्यांची नावे जमाखर्चाच्या वहीसारखी एकाखाली एक, सरळ उभ्या रेषेत हवी असतात. दिसायला हे सुरेख. पण उद्या 'सिंधुदुर्ग' आला आणि तो रांगेपेक्षा लांब ठरला, की वरच्या प्रत्येक ओळीत मोकळी जागा वाढवावी लागते. एका किल्ल्यासाठी सबंध यादी बदलल्याची नोंद होते. शिवाय प्रत्येक अक्षर सारखीच जागा व्यापते, या गृहीतकावर ही उभी रेषा आधारलेली आहे. काना, मात्रा आणि जोडाक्षरे असलेल्या देवनागरीत ते गृहीतक टिकत नाही आणि रेषा वाकडी होते.

१८/
काहींनी स्वल्पविराम चक्क ओळीच्या आरंभी नेला:

किल्ले = [
      "राजगड"
    , "तोरणा"
    , "सिंहगड"
]

एसक्यूएल आणि हॅस्केल लिहिणाऱ्यांत ही रीत आढळते. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या साधनाच्या कोडमध्येही ती होती. यात शेवटी भर घातली, की एकच ओळ बदलते. मात्र पहिल्या घटकाच्या आधी भर घातली, की दोन बदलतात. अडचण खालून वर सरकली, एवढेच. तरी एक लाभ निश्चित आहे: एखादा स्वल्पविराम राहून गेला, तर तो चटकन नजरेत भरतो.

१९/
स्वल्पविराम राहून जाणे किती महागात पडते, हेही पाहण्यासारखे आहे. १९८९च्या सी मानकानुसार, अवतरण चिन्हांतील दोन मजकूर शेजारी आले, तर कंपायलर ते जोडून एक करतो. लांब मजकूर दोन ओळींत लिहिता यावा, हा हेतू. पायथॉनमध्येही हाच नियम आहे. परिणाम असा:

किल्ले = [
    "राजगड",
    "तोरणा"
    "सिंहगड",
]

येथे किल्ले तीन नाहीत, दोनच आहेत. दुसऱ्याचे नाव 'तोरणासिंहगड'. यंत्र कोणतीही तक्रार करत नाही. शेवटी स्वल्पविराम न देण्याची सवय आणि घाईने केलेली भर एकत्र आली, की हा अपघात ठरलेला. प्रत्येक ओळीअखेर स्वल्पविराम देण्याच्या शिस्तीमागे हेही एक कारण आहे.

२०/
मग हा स्वल्पविराम सर्वत्र का चालत नाही? याचे उत्तर ब्राउझरांच्या इतिहासात आहे. जावास्क्रिप्टच्या यादीअखेरच्या स्वल्पविरामाचा अर्थ ब्राउझर वेगवेगळा लावत. इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या आवृत्त्या यादीत एक घटक जास्तीचा मोजत, तर नाव-किंमत अशा जोड्यांच्या रचनेत तो दिसला, की चुकीचा संदेश देऊन थांबत. २००९च्या ईसीएमएस्क्रिप्ट ५ या मानकाने जोड्यांच्या रचनेत तो अधिकृत केला. पण जेसन हे माहिती-देवाणीचे स्वरूप डग्लस क्रॉकफर्ड यांनी त्याआधीच, २००६ साली, आरएफसी ४६२७ म्हणून नोंदवले होते. त्याच्या व्याकरणात शेवटचा स्वल्पविराम निषिद्ध आहे. अनेक प्रकल्पांच्या जुळवणीच्या फायली आज जेसनमध्ये असतात आणि तेथे प्रत्येक नवा घटक शेवटच्या माणसाची ओळ आपल्या नावावर करतो.

२१/
पायथॉनच्या समुदायाने २००१ साली पेप ८ ही शैलीसंहिता प्रसिद्ध केली. तिच्यातील आजच्या तरतुदी पाहण्यासारख्या आहेत. यादीचा मिटणारा कंस दोन जागी चालतो: शेवटच्या घटकाच्या थेट खाली, किंवा यादी जेथून सुरू झाली त्या ओळीच्या आरंभाखाली. ओळीची मर्यादा ७९ अक्षरे. कार्डाच्या ८० स्तंभांची आठवण येथे आकड्याच्या रूपात उरली आहे. शेवटच्या स्वल्पविरामाविषयी संहिता सांगते, की यादी काळाच्या ओघात वाढण्याची शक्यता असेल आणि आवृत्त्यांची नोंद ठेवली जात असेल, तर तो उपयुक्त आहे. म्हणजे त्याचे कारण आता उघडपणे 'नोंद' हे झाले होते.

२२/
तरीही हाताने केलेली मांडणी खोटे बोलू शकते. २०१४च्या फेब्रुवारीत ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या सी कोडमधील एक दोष उघड झाला. तेथे 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा आली होती. दुसरी ओळही पहिलीइतकीच आत सरकलेली होती. त्यामुळे ती वरच्या अटीच्या अधीन आहे, असे डोळ्यांना वाटे. प्रत्यक्षात सीच्या नियमानुसार ती अटीबाहेर होती आणि दरवेळी चाले. परिणामी सर्व्हरची ओळख पटवणारी एक महत्त्वाची तपासणी वगळली जाई. २०१६ साली जीसीसी कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत दिशाभूल करणाऱ्या इंडेंटेशनबद्दल इशारा देण्याची सोय आली. रूप आणि अर्थ यांची १९६०ची फारकत अशी महाग पडली होती. रूप यंत्राच्या हाती द्यावे, या मताला अशा प्रसंगांनी बळ मिळाले.

२३/
ते मत प्रत्यक्षात आणण्यात गो ही भाषा आघाडीवर होती. रॉबर्ट ग्रीझमर, रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन यांनी गूगलमध्ये घडवलेली ही भाषा २००९ साली जाहीर झाली. तिच्यासोबत मांडणी करून देणारा 'गोफमट' हा प्रोग्रॅमही आला. त्यात निवडीला वावच नाही. पाइक यांनी पुढे एका भाषणात म्हटले त्याचा आशय असा, की त्याची शैली कोणाचीच आवडती नाही, पण गोफमट मात्र सर्वांचा आवडता आहे. गोमध्ये कंस नव्या ओळीवर मिटत असेल, तर शेवटचा स्वल्पविराम सक्तीचा आहे. कारण घटकावर ओळ संपली, की भाषा तेथे आपोआप अर्धविराम धरते आणि यादी अर्धवट तुटते. गंमत अशी, की हाच गोफमट जोडयाद्यांतील किमती उभ्या रेषेत लावतो. तेथे एका लांब नावामुळे शेजारच्या ओळी बदलतातच.

२४/
२०१७ साली जेम्स लाँग यांनी जावास्क्रिप्टसाठी प्रिटियर आणले. त्याचा पाया फिलिप वॉडलर यांच्या प्रिटी प्रिंटिंगवरील निबंधात आहे. २०१८ साली वुकाश लांगा यांनी पायथॉनसाठी ब्लॅक आणले. यादी एका ओळीत मावत नसली, की दोघेही सामान्यतः ओपन यांचा दुसरा मार्ग धरतात: प्रत्येक घटक स्वतंत्र ओळीवर. प्रिटियरच्या २०२३ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून जेथे जेथे चालतो तेथे शेवटचा स्वल्पविराम आपोआप पडतो. ब्लॅकने २०२० साली आणखी पुढचे पाऊल टाकले. यादीअखेर माणसाने स्वल्पविराम दिला असेल, तर यादी एका ओळीत मावत असली, तरी ब्लॅक ती उभीच ठेवते. ही यादी वाढणार आहे, असा माणसाने यंत्राला दिलेला तो निरोप ठरला.

२५/
या व्यवस्थेचीही किंमत होती. जुन्या प्रकल्पावर असे साधन प्रथमच चालवले, की हजारो ओळी एका दिवसात बदलतात. त्यानंतर ब्लेम विचारले, तर जवळपास प्रत्येक ओळीसमोर एकच नाव येते: ज्याने ते साधन चालवले त्याचे. ओळींचे रक्षण करू पाहणाऱ्या साधनानेच त्यांचा पूर्वेतिहास झाकला. २०१९च्या ऑगस्टमधील गिट २.२३ या आवृत्तीत यावर तोड निघाली. केवळ मांडणी बदलणाऱ्या नोंदींची यादी एका फायलीत ठेवायची. ब्लेम त्या वगळून मागे पाहते. नक्कलकार कोण आणि मूळ लेखक कोण, हा भेद यंत्राला असा शिकवावा लागला.

२६/
इतिहासाचा अभ्यासक जुना कागद हाती आला, की मजकुरापूर्वी त्याचे वळण पाहतो: शिरोरेषा, समास, शिक्का. कोडच्या कागदालाही असे वळण असते. सहा स्तंभ सोडून सुरू होणारी विधाने दिसली, तर तो वारसा कार्डांच्या युगाचा. किमती नेटक्या उभ्या रेषेत असतील, तर एक तर कोणाच्या हाताची हौस, नाही तर गोफमटचे काम. प्रत्येक घटक स्वतंत्र ओळीवर आणि शेवटीही स्वल्पविराम असेल, तर ती यादी ओळीगणिक नोंद ठेवणाऱ्या काळातली, पुढे वाढेल या अपेक्षेने लिहिलेली. तिच्यात उद्या कोणी प्रतापगड लिहील, तेव्हा सिंहगडासमोरचे नाव ज्याचे होते त्याचेच राहील.